हँडल दाबून दार उघडणारा कुत्रा आणि सासूबाईंची खोली

उन्हाळपाखरू | १४ एप्रिल, रात्री १०:५२

सोलापूरहून लिहितेय. आमच्याकडे तांब्या नावाचा चार वर्षांचा गावठी कुत्रा आहे, वजन १९ किलो. पिल्लू असताना बाजार समितीच्या फाटकापाशी सापडला, तेव्हापासून घरचाच झालाय. हुशार इतका की पिशवी हातात घेतली तर चप्पल घालायच्या आधी दाराशी हजर, आणि पिशवी दळणाची असेल तर जागचा हलतसुद्धा नाही.

अडचण अशी की फेब्रुवारीत सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वय ७४. वॉकर घेऊन चालतात. त्यांची खोली म्हणजे घराचा जुना भाग, वर माळवद म्हणजे मातीचं जाड छत, खाली शहाबादी फरशी. देवघरही तिथेच. ऑपरेशनच्या आधी आम्ही वॉकर नीट जावा म्हणून जुनं दोन फळ्यांचं दार काढून रुंद एक फळीचं दार लावलं आणि उंबरठाही काढून टाकला. त्यांची बोटं आखडतात म्हणून गोल मुठीऐवजी खाली दाबायचं लांब हँडल बसवलं. दोन आठवड्यांत तांब्या ते उघडायला शिकला. मागच्या पायांवर उभा राहतो, पंजा टाकतो, दार आत ढकलतो, की गेला आत.

मागच्या सोमवारी तो धावत आत गेला आणि वॉकरला धडकला. आई भिंतीला धरून सावरल्या, पण त्या दिवसापासून मला झोप नाही. गुरुवारी त्याने देवघरातल्या डब्यातल्या तुपातल्या फुलवाती खाल्ल्या, सात-आठ तरी असतील.

करून पाहिलेले उपाय: दारापुढे खुर्ची लावली, त्याने ती सरकवली. हँडलला नाडी बांधली, ती आईंनाच सुटेना. बाहेरून कडी लावली, आणि एकदा मी गच्चीवर असताना आई वीस मिनिटं आत अडकल्या. त्यांना बाथरूमला जायचं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला अजून त्याचं वाईट वाटतं. शेजारच्या काकूंनी निळ्या पाण्याची बाटली दाराशी ठेवायला सांगितली, तीही ठेवली. तो तिला टेकून झोपला.

कुणाकडे असा अनुभव आहे का?

सुतारपक्षी | १४ एप्रिल, रात्री ११:३०

पहिली गोष्ट, बाहेरून कडी पुन्हा लावू नका. म्हातारं माणूस पडलं, शॉर्टसर्किट झालं, तर आतून बाहेर येण्याचा रस्ताच नाही. कुत्र्यापेक्षा ती कडी धोक्याची.

आता हँडल. तुम्ही लिहिलंय त्यात सगळं उत्तर आहे: हँडल खाली दाबलं जातं आणि दार आत ढकललं जातं. कुत्र्याला नेमक्या या दोनच गोष्टी जमतात, अंगाचा भार टाकणं आणि पुढे जाणं. यातली एक जरी उलटी केली तरी त्याचं काम अडतं. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं केलं तर त्याला हँडल दाबून धरून मागे सरकावं लागेल, ते सहसा जमत नाही. पण त्यासाठी चौकट आणि बिजागऱ्यांचं काम निघतं, आणि वॉकर घेऊन मागे सरकत दार ओढणं आईंनाही जड जाईल.

त्यापेक्षा सोपं म्हणजे हँडल वर उचलून उघडेल असं बसवणं. काही कुलपांचा खटका दोन्ही बाजूंनी फिरतो, काहींचा फक्त खाली. सुताराला आधी हँडल हाताने वर उचलून बघायला सांगा. बुडाशी गोल चकती असलेलं हँडल असेल तर बऱ्याचदा ते काढून उभंही बसवता येतं. लांब पट्टीवालं असेल तर पट्टीसकट बदलावं लागेल. आतल्या बाजूचं हँडल मात्र आहे तसंच राहू दे. आईंना आतून दाबून बाहेर येता आलं पाहिजे.

ओसरी | १५ एप्रिल, सकाळी ७:१५

आमचं गाव बार्शीच्या बाजूला. घरात चार पिढ्या कुत्री आहेत आणि एकही कधी ओसरीच्या आत आलेलं नाही. दार दिवसभर सताड उघडं असतं. आत चूल, दुधाची चरवी, सगळं. तरी येत नाही.

याचं श्रेय लोक धाकाला देतात. मी लहानपणापासून बघतोय, आमच्या आजीने कुत्र्यावर कधी काठी उगारली नाही. तिचा एकच नियम होता, भाकरी मिळणार ती ओसरीच्या पायरीवर. आत असताना कुणीही, अगदी पोरांनीसुद्धा, त्याला तुकडा द्यायचा नाही, लाड करायचे नाहीत. पिल्लू आत आलं की उचलून पायरीवर ठेवायचं आणि तिथे भाकरी द्यायची. महिनाभरात त्याला कळायचं की आत काहीच नसतं, सगळं पायरीवर असतं.

ताई, तुमच्याकडे आत त्याला काय मिळतं ते आधी शोधा.

रानवारा | १५ एप्रिल, सकाळी ९:०२

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. सासूबाई पडल्या तर दुसरं ऑपरेशन होईल. अशा वेळी कुत्र्याचं मन काय म्हणतं याचा विचार कशाला? दोन रट्टे द्या आणि दिवसा बांधून ठेवा. चूक केल्यावर त्याचे कान पडतात, शेपूट आत जाते, म्हणजे त्याला कळतं आपण चुकलो ते.

चारपावलं | १५ एप्रिल, दुपारी २:४०

मी गेली अकरा वर्षं जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे आणि कुत्र्यांना शिकवण्याचं कामही करते. थोडं सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी फुलवाती. कापूस पचत नाही. लहानसा गोळा बहुतेक वेळा शीवाटे निघून जातो, पण आतड्यात अडकला तर पोट उघडावं लागतं. उलट्या, जेवण बंद, शी न होणं, पोट दुखल्यासारखं वाकून उभं राहणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. देवघरातल्या आणखी दोन वस्तू उंचावर, झाकणाच्या डब्यात ठेवा. एक कापूर, तो कुत्र्याला विषारी आहे. दुसरी म्हणजे बेदाणे आणि मनुका. सोलापूर-सांगलीकडे प्रसादात बेदाणे असतातच, आणि लोकांना हे माहीतच नसतं की द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर त्रास होईल ते आधी सांगता येत नाही. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल हे त्यामागचं कारण असावं असं आता मानतात, आणि ते चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा चिंचेची बरणीही वर. खाल्लेलं कळलं की लक्षणांची वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, मीठच जिवावर बेततं. आईंच्या दुखण्याच्या गोळ्या उशाशी असतील तर त्याही बंद खणात. माणसाची वेदनाशामकं कुत्र्याला घातक असतात.

कुणी डांबराच्या गोळ्या, फिनेल किंवा तिखट दाराशी टाकायला सांगेल. यातलं काहीही करू नका. डांबराच्या गोळ्या त्याने चावल्या तर दाराचा प्रश्न बाजूला राहून दवाखाना गाठावा लागेल.

रानवारा दादा, तुमची काळजी खरी आहे, सासूबाई पडता कामा नयेत हे पहिलं. पण कान पाडण्याबद्दल: कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हेच तपासलं होतं. मालक रागावला की कुत्रा तो चेहरा करतो, मग त्याने खाऊ खाल्लेला असो वा नसो. तो चेहरा म्हणजे आपल्या आवाजाला घाबरणं आहे. आणि मार खाल्लेला कुत्रा शिकतो ते इतकंच, की माणूस समोर असताना जायचं नाही. याच विषयातल्या संशोधक जुलियाने कामिन्स्की यांचा २०१३ चा प्रयोग आहे: माणसाने 'घ्यायचं नाही' म्हणून बजावलेला खाऊ कुत्र्यांनी उजेडापेक्षा अंधारात किती तरी जास्त वेळा उचलला. आपण बघतोय की नाही याचा हिशोब ते ठेवतात. ताईंना तर नेमकं आपण नसताना त्याने न जाणं हवंय.

ताई, चार दिवस एक काम करा. वहीत लिहा: तो किती वाजता दाराशी गेला, आत जाऊन नेमकं काय केलं, घरात कोण होतं, बाहेर कसं आणलं. उपाय त्यानंतर बघू.

दूरदेशी | १६ एप्रिल, पहाटे ३:२०

न्यू जर्सीहून. आमची बॉर्डर कॉली जातीची कुत्री फ्रिज उघडायची, त्यामुळे तुमचं दुखणं कळतं. आम्ही आधी दोन भिंतींमध्ये दाबून बसवायचं लहान मुलांचं फाटक आणलं. तिने तीन दिवसांत खांद्याने ढकलून पाडलं. स्क्रूने भिंतीत बसवलेलंच टिकतं. गज उभे हवेत, आडव्या पट्ट्या असतील तर शिडी होते. फाटकाला खाली आडवी पट्टी असते, वॉकर तिला अडकतो, तेवढं बघून घ्या.

उन्हाळपाखरू | १९ एप्रिल, रात्री ९:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. तांब्या ठीक आहे, शनिवारी वाती बाहेर पडल्या, जेवतोय. डबा आता फडताळात.

वही लिहिली, आणि वाचून मीच चकित झाले. चार दिवसांत तो एकूण १७ वेळा दाराशी गेला. त्यातल्या १३ वेळा दुपारी बारा ते साडेचारच्या मध्ये. सकाळी एकदाही नाही. आत जाऊन काय करतो? मला वाटायचं देवघराकडे जातो. तर नाही, तो सरळ पलंगाखाली जातो, फरशीवर पोट टेकून चारही पाय पसरतो आणि झोपतो. उरलेल्या चार वेळा संध्याकाळी सातच्या सुमारास, दिवाबत्तीच्या वेळी.

आमच्या बाकीच्या घरावर स्लॅब आहे. या दिवसांत दुपारी फरशीला हात लावला तर गरम लागते. माळवदाच्या खोलीत मात्र दुपारीही गारवा असतो. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

चारपावलं | १९ एप्रिल, रात्री १०:३०

तुमच्या वहीनेच उत्तर दिलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या तळव्यांना येतो तेवढाच. बाकी धाप टाकून आणि गार जागेवर पोट टेकून तो अंग निववतो. चाळीस-बेचाळीसच्या उन्हात घरात एकच गार जागा असेल तर तो तिथे जाणारच, आणि मी त्याला दोष देणार नाही. दार कितीही पक्कं केलंत तरी ती गरज राहते. तेवढाच गारवा दुसरीकडे द्यावा लागेल.

संध्याकाळच्या चार फेऱ्यांचं कारण वेगळं आहे. सातला आत काय होतं?

ओसरी | २० एप्रिल, सकाळी ६:५०

माझ्या मनात एक गोष्ट घोळतेय. ताई, तुम्ही म्हणालात उंबरठा काढला. त्याच्या आधी तांब्या त्या खोलीत जायचा का? जुन्या दाराला हँडल नव्हतं, कडी-कोयंडा असणार, आणि दिवसा ते उघडंच राहत असेल.

उन्हाळपाखरू | २० एप्रिल, दुपारी १:१०

ओसरी दादा, तुमचा प्रश्न वाचून मी थांबलेच. नाही जायचा. दार दिवसभर उघडं असायचं आणि तो उंबरठ्यावर हनुवटी ठेवून बाहेर पडलेला असायचा. चार वर्षं तिथेच. गारवा तिथपर्यंत यायचा. आईंनीच पिल्लू असताना शिकवलं होतं, "देवघर आहे, बाहेर." आम्ही उंबरठा काढला, दार बंद ठेवायला लागलो, म्हणजे त्याची हनुवटी टेकायची जागा गेली आणि वाराही अडला.

आणि सातला काय होतं ते काल स्वतः बघितलं. आई दिवा लावून पलंगावर बसतात. तांब्या आत येतो, त्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि नैवेद्याच्या दुधातला पोळीचा तुकडा देतात. मी विचारल्यावर म्हणाल्या, "दिवसभर या खोलीत मी एकटी असते गं. तो येतो तेवढंच." मला काय बोलावं सुचलं नाही.

चारपावलं | २० एप्रिल, रात्री ११:०५

आईंना थांबवू नका. फक्त त्या देण्याला नियम लावा.

आत्ता काय होतंय: दहादा त्याला हाकललं जातं आणि अकराव्यांदा पोळी मिळते. आपल्याला वाटतं दहा नकार मोठे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवर दाखवलं होतं की दर वेळी मिळणाऱ्या खाऊपेक्षा कधी मिळेल कधी नाही असा खाऊ ती सवय जास्त चिवट करतो. बंद पडायला फार वेळ लागतो. म्हणजे तुमची अधूनमधूनची पोळी त्याला रोज दार ठोठवायला शिकवतेय.

तेव्हा असं करा. आई पलंगावर बसल्या, वॉकर बाजूला ठेवला, की त्यांनीच हाक मारायची. हाक ठरलेली, उदाहरणार्थ "ये बाळा". हाकेशिवाय आत आला तर हात नाही, पोळी नाही, बोलणं नाही, कुणीतरी शांतपणे बाहेर आणायचं. हाकेवर आला तर सगळं. दिवसात एकदाच, त्याच वेळी. आई उभ्या असताना कधीही नाही.

बाहेर थांबण्यासाठी जुना शब्द आहेच, "बाहेर". घरातले सगळे तोच वापरा. एक "नो", एक "हट", एक "जा" म्हणत असेल तर त्याच्या कानी ते तीन वेगळे शब्द. दाराबाहेर त्याची गोधडी टाका. तो गोधडीवर असताना तुम्ही दार उघडा, दोन सेकंद थांबा, तुकडा गोधडीवरच द्या. मग पाच सेकंद, मग आत एक पाऊल टाकून परत या, मग आई वॉकर घेऊन चार पावलं चालतील तेव्हा. दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं पुरे. उकडलेलं चिकन असेल तर उत्तम, नाहीतर पनीर. उठला तर रागवायचं नाही, तुम्ही घाई केलीत एवढाच अर्थ, मागच्या पायरीवर या.

एक सावधगिरी. पहिल्या आठवड्यात तो जास्त जोर लावेल, दार खरवडेल, भुंकेल. जे आजवर चालत होतं ते चालेनासं झालं की सुरुवातीला असं होतंच. नेमक्या त्या वेळी कंटाळून कुणी दार उघडलं तर तो अजून मोठ्याने भुंकायला शिकेल.

उंबरठ्याचं ओसरी दादांनी फार नेमकं पकडलं. नवा लावू नका, वॉकरसाठी जमीन सपाटच हवी. पायपुसणंही नको, पाय अडकतो. त्या जागी फरशीवर चार बोटं रुंद रंगाचा पट्टा मारा, पिवळा किंवा निळा. कुत्र्यांना हे दोन रंग नीट दिसतात, लाल त्यांना मळकट तपकिरीसारखा दिसतो. गेरूचा पट्टा त्याला तितका उठून दिसणार नाही.

कवडसा | २१ एप्रिल, सकाळी ११:२०

थोडं अवांतर. आमची लॅब्रॅडॉर आम्ही बाहेर गेलो की बेडरूमचं दार नखांनी ओरबाडते, परवा पंजातून रक्त आलं. तिच्यासाठीही हेच करू का?

चारपावलं | २१ एप्रिल, दुपारी १२:४५

नाही. तुम्ही घरी असताना ती दाराकडे ढुंकून बघत नसेल आणि तुम्ही गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात हे होत असेल, तर ती एकटेपणाला घाबरतेय. तिला अडवून भीती वाढेल. मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा, लवकर. दिवाळीत फटाक्यांना घाबरून बाथरूममध्ये घुसणाऱ्या कुत्र्यांचंही तेच. तो आडोसा त्या दिवसांत बंद करू नका.

रानवारा | २१ एप्रिल, रात्री ८:३०

मी आधी जे लिहिलं त्यातलं बांधण्याबद्दलचं मत अजून आहे. आई चालायला उठतात तेव्हा शिकवणं पूर्ण होईपर्यंत त्याच्या गळ्यात साखळी असलेली बरी. मारण्याबद्दल मात्र वाचून विचारात पडलो. आमचा शेरू मी घरात असेपर्यंत गादीवर चढत नाही आणि मी आंघोळीला गेलो की चढतो. मला ते इतकी वर्षं लबाडी वाटायची.

चारपावलं | २१ एप्रिल, रात्री ८:५५

शिकवणं होईपर्यंत आई चालत असताना त्याला साखळी लावायची, हे अगदी बरोबर. ताई, हे कराच.

उन्हाळपाखरू | २३ मे, रात्री १०:१५

महिना झाला. काय केलं ते लिहिते, कुणाच्या तरी कामी येईल.

हँडल: सुताराने वर उचलून पाहिलं, खटका फिरत होता. बाहेरचं हँडल उभं बसवलं, आतलं तसंच आहे. चारशे रुपये मजुरी. तांब्याने पहिले चार दिवस पंजे मारले, दाराचा रंग गेला. पाचव्या दिवशी बसून राहिला.

गारवा: जुन्या कामातल्या दोन शहाबादी फरश्या मागे पडून होत्या. जिन्याखाली सावलीत वाळू पसरून त्या बसवल्या. अकराला आणि दोनला पाणी मारते, वर ओलं गोणपाट. पहिल्या दिवशी त्याने वास घेतला आणि निघून गेला. तिसऱ्या दिवशी मी उचलून नेला नाही, नुसतं चिकनचा तुकडा तिथे ठेवला. आता साडेअकरापासून तिथेच पसरलेला असतो. दार दुपारी आता उघडंच ठेवतो, वारा बाहेर येतो.

पट्टा: माझ्या मुलाने पिवळा मारला. गोधडीचा सराव रोज केला, दोन दिवस पाहुणे होते ते सोडून. त्या दोन दिवसांत तो दोनदा आत शिरला. पाहुण्यांनी लाड केले. पुन्हा तीन दिवस मागे गेलो.

काल वहीत पाहिलं, शेवटच्या दहा दिवसांत हाकेशिवाय एकदाही आत नाही. आई आता घरात काठीवर चालतात. त्या उठल्या की तो पट्ट्याच्या अलीकडे उभा राहून बघतो, त्या परत बसेपर्यंत.

ओसरी दादा, तुमच्या आजीबद्दल वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाल्या, आमच्या माहेरी पण भाकरी पायरीवरच. आणि सातला अजून हाक जाते. बेदाणे बंद केलेत, पोळी मात्र दुधात भिजवून देतात, आधी मला दाखवून.

ओसरी | २४ मे, सकाळी ६:४०

पावसाळ्यात जिन्याखाली ओल येईल, तेव्हा गोणपाट काढून लाकडी पाट टाका. आईंना नमस्कार सांगा.